सहा सिलिंडर, चार सिलिंडर आणि एक झाडू

जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका दुमजली घरात जिन्याची झाडलोट आळीपाळीने होते. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. शनिवारी संध्याकाळपर्यंत जिना, अंगण आणि फुटपाथ लख्ख करून ती शेजाऱ्याच्या दारावर अडकवली जाते. युद्ध सोडले तर या व्यवस्थेत खंड पडलेला नाही. म्हणूनच वरच्या मजल्यावरच्या हेबर्ल्यांनी आणि खालच्या फाइफ्ल्यांनी मोटारींचा वाद मिटवताना तीच पणाला लावली. हरणाऱ्याने वर्षभर दोघांच्याही पाळीची झाडलोट करायची.

वाद तात्त्विक होता. दोघांकडेही वेगवान सेडान होत्या. हेबर्ल्यांच्या गाडीत एका रांगेत सहा सिलिंडर होते.

"इंजिन चालू असताना वर नाणं उभं करा, पडलं तर नाव बदलीन," हेबर्ले म्हणत.

"नाणंच उभं करायचं तर टेबल घ्यायचं की!" फाइफ्ले म्हणत. "माझे चारच सिलिंडर, वजन कमी. टर्बोने हवा कोंबली की ताकद तेवढीच."

"कोंबलेली ताकद म्हणजे उसनं अवसान, फाइफ्लेसाहेब!"

शनिवारी दोघे शर्यतीसाठी वेगमर्यादा नसलेल्या महामार्गाकडे निघाले. पण थंड इंजिनावर जोर देणे हे पाप, आणि उभ्या गाडीत इंजिन तापवणे हा गुन्हा. सबब तेल तापेपर्यंत दोघांनी गावागावांतून गोगलगायीच्या चालीने फेऱ्या मारल्या. महामार्गावर आले, तर दुरुस्तीचे काम सुरू होते. ते संपले आणि पाऊस लागला. ओल्या रस्त्याला वेगळी मर्यादा होती. पाऊस थांबला तेव्हा पुढे वाहतूक तुंबलेली होती. शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोघांनी पेट्रोल वाचवायला इंजिने बंद केली.

"माझं बंद झालेलं कळलं तरी का?" हेबर्ल्यांनी काच खाली करून विचारले.

"कसं कळणार? माझं तुमच्या आधी बंद झालं!"

शेवटी रस्ता मोकळा झाला. मर्यादा संपल्याची पाटी दिसताच हेबर्ल्यांनी पाय दाबला. सहाही सिलिंडर एका सुरात गाऊ लागले आणि हेबर्ल्यांचे डोळे भरून आले. या क्षणासाठी त्यांनी अकरा वर्षे गाडी पुसली होती. तेवढ्यात त्यांची नजर किती पेट्रोल जळते ते दाखवणाऱ्या आकड्यावर गेली. स्टुटगार्टकडचा काटकसरी श्वाबियन माणूस एक वेळ जीव सांडेल, पेट्रोल सांडणार नाही. पाय आपोआप वर आला. आरशात पाहतात तो फाइफ्ले एका ट्रकच्या आडोशाने, वारा चुकवत, स्वस्तात येत होते. हेबर्लेही वेग कमी करून त्यांच्या मागे त्याच आडोशाला आले.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. पाटी हेबर्ल्यांच्या दारावर होती आणि जिना तसाच पडला होता. दोघांच्याही बायका झाडू घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

"जिंकलं कोण?" हानेलोर हेबर्ल्यांनी विचारले.

"तसं म्हटलं तर कोणीच नाही," फाइफ्ले म्हणाले. "पण दोन्ही गाड्यांची क्षमता निर्विवाद आहे."

"म्हणजे हरले दोघंही," गेर्लिंडे फाइफ्ले म्हणाल्या. "धरा झाडू. तुमची क्षमताही बघू."

अशा रीतीने दोघे आता दर शनिवारी जिना झाडतात आणि लांब दांड्याचा झाडू बरा की आखूड, यावर भांडतात. वाचकांनी अवश्य हसावे. फक्त त्याआधी आपल्या गाडीच्या वेगाच्या काट्याने शेवटचा आकडा कधी पाहिला आणि आपल्या घरात झाडू कोणाच्या हाती असतो, एवढे पाहून यावे.