कुंदगोळकर सरांची बस

अप्पा हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात लोखंड उचलायचे आणि आई केशवापुरात चार घरची धुणीभांडी करायची. गॅदरिंगचा आठवडा आला की मला ताप यायचा. आई कपाळाला हात लावून बघायची. कपाळ गार असायचं, तरी म्हणायची, "राहू दे आज घरी." भाड्याचा पोशाख आपल्याला परवडणारा नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

सहावीत कुंदगोळकर सर वर्गशिक्षक झाले आणि त्यांनी मला झाड केलं.

माझ्यासारखी अजून सतरा झाडं होती. नाटक राजाचं असो, शेतकऱ्याचं असो, नाहीतर चंद्रावर जाणाऱ्या शास्त्रज्ञाचं, सरांच्या नाटकात जंगल असायचंच. कारण वर्गातलं एकही मूल खाली बसता कामा नये, असा त्यांचा हट्ट. मी तापाचं सांगायला गेले तर म्हणाले, "झाडाला ताप येतो काय? उद्या ये. घरचाच फ्रॉक घाल, लिंबाचा डहाळा मी आणतो. बोलायचं काही नाही. सुम्न निंद्र! गप उभं राहायचं, बस्स."

मी उभी राहिले. पुढे बी.ए. केलं, बी.एड. केलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्याच शाळेत नोकरी लागली तेव्हा सहावी ब ला सरांच्या हाताखाली मला दिलं.

आता गॅदरिंगच्या आधी आठवडाभर रोज एक 'डे' असतो. सर सगळ्यात भाग घेतात, पण एकाच बिस्किटी सफारीत. 'यलो डे'ला खिशात झेंडूचं फूल. 'उलटा डे'ला तीच सफारी उलटी घालून त्यांनी इतिहासाचा धडा शेवटून सुरू केला. आधी स्वातंत्र्य मिळालं, मग चळवळ झाली, आणि तास संपता संपता इंग्रज व्यापाराला आले. 'जुळ्यांचा डे'ला ज्याला जोडीदार मिळत नाही त्याच्याशेजारी सर जाऊन उभे राहतात. "तू एकटा? मी पण. चल, आपण जुळे. तू धाकटा."

मागल्या वर्षी मात्र सव्वीस झाडं आणि एक राजा यांच्या वजनानं स्टेजची फळी मोडली. राजा खाली गेला. झाडं जागची हलली नाहीत, सरांची शिकवणच तशी. राजाला फक्त खरचटलं, पण नव्या मोठ्या बाईंनी फर्मान काढलं : यंदा ऑडिशन घ्यायची, वर्गातली दहा मुलं निवडायची, जंगल बंद. मांडववाल्यानंही बजावलं, "एका वेळेला वीसच्या वर चढवू नका सर, मी जबाबदार नाही."

सर ऑफिसात गेले. मी मागे उभी होते.

"बाई, आमच्या वर्गात त्रेचाळीस मुलं आहेत."

"पण अभिनय येणारी किती आहेत?"

"ते बघू की ऑडिशनला."

ऑडिशनला सरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "बसमध्ये बसलायस काय कधी?"

"हो सर."

"पास. पुढचा."

त्रेचाळीसही पास झाली. नाटकाचं नाव 'हुबळी ते धारवाड'. स्टेजवर पंधरा लोखंडी खुर्च्या, पुढे ड्रायव्हर, दाराशी कंडक्टर. पोरं डावीकडून चढणार, एक वाक्य बोलणार, उजवीकडून उतरणार. होसूरला आठ चढले की विद्यानगरला सहा खाली. वीसचा आकडा कुठंही ओलांडायचा नाही. पोशाख म्हणजे अंगावर असतील ते कपडे. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "यात झाड नाही ना?"

"उणकलला एक आहे. पण ते बसच्या बाहेर आहे."

सगळं जमलं. राहिली कस्तुरी. ही मुलगी वर्गात कुणाशीही बोलत नसे. तिच्या वाट्याला वाक्यच नव्हतं. नवलूरला चढायचं, खिडकीशी बसायचं, धारवाडला उतरायचं. तरी तालमीला ती रोज पडद्याच्या कडेशी येऊन थांबायची. सर म्हणायचे, "येईल येईल. त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस."

गॅदरिंगला बस उणकलपर्यंत झकास आली. लोक हसत होते. कंडक्टर झालेला दावल गर्दीत घुसून "मुंद होग्री, पुढं सरका!" असं ओरडला की पालक टाळ्या पिटत होते. मग नवलूर आलं.

"नवलूर!" दावल ओरडला. कुणी चढेना. "नवलूर, नवलूर!" ड्रायव्हरनं तोंडानं हॉर्न वाजवला. समोर कुणीतरी म्हणालं, "पंक्चर झाली काय रे?" मोठ्या बाईंनी घड्याळात पाहिलं. बस पुढे सोडायची खूण करायला मी उजव्या बाजूनं हात वर केला, तेवढ्यात समोरच्या कडेला सर दिसले. कस्तुरीजवळ वाकून ते काहीतरी सांगत होते. ती नाही नाही अशी मान हलवत होती. मग तिनं त्यांचं बोट धरलं आणि ओढलं.

सरांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाला मी स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. आभारालासुद्धा ते दुसऱ्याला पाठवायचे.

ते चढले. म्हणजे तिनं चढवलं.

दावल पोरगा हुशार. "या अज्जा, सांभाळून! मुंद होग्री!" हॉल हसला. दोघं खिडकीशी बसले. सरांचे पाय असे लटपटत होते की लोखंडी खुर्ची खडखड वाजायला लागली. लोकांना वाटलं, खराब रस्त्याचा अभिनय आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीची पोरंही हलायला लागली. धारवाड येईपर्यंत कस्तुरीनं बोट सोडलं नाही.

नंतर आम्ही खुर्च्या मिटत होतो. सर म्हणाले, "बरा दिसलो काय गं?"

"बसमधले खरे अज्जा वाटलात."

"चौतीस वर्षं पोरांना वर ढकललं. स्वतः जायचं धाडस झालं नाही बघ." थोडा वेळ ते खुर्ची पुसत राहिले. खुर्ची स्वच्छच होती. "फोटो काढला असशील तर पाठव. घरी बघायला कोण नाही म्हणा. पण असू दे."

मी तिथंच उभ्या उभ्या पाठवला.

यंदा सहावी ब च्या पटावर त्रेचाळीस मुलं आहेत. स्टेजवर चव्वेचाळीस जण चढले.