तोंडं मिटणारे तात्या

मांजरसुंब्याहून नेकनूरला येताना एसटीत सोपानतात्यांनी एका अनोळखी माणसाचं तोंड मिटलं. तो बिचारा आ वासून झोपला होता. तात्यांनी हनुवटीखाली हात घालून ती हळूच वर दाबली. माणूस दचकून उठला आणि ओरडायला लागला. तात्या म्हणाले, "माफ करा, सवय हाय."

तात्या माझे शेजारी. सरकारी दवाखान्याच्या शवविच्छेदन खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहेत, पण गावात कुणी गेलं की पाहुण्यांच्या आधी हे हजर. खिशात जुन्या लुगड्याची मऊ पट्टी. तिनं जबडा बांधायचा, डोळे मिटायचे, हातपाय सरळ करायचे. घरात रडारड चालू असली तरी यांचं एकच पालुपद, "रडायला दिवस पडलाय! अंग नरम हाय तवर आवरा. आधी जबडा ताठतो, मग मान, मग हात, मग पाय." हा क्रम ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतात. त्यामुळे पंगतीत त्यांच्या शेजारी कायम मला बसवतात. मास्तराला कोण विचारतो?

एकदा सलूनमध्ये कुणीतरी म्हणालं, मेल्यावरही माणसाची दाढी वाढते. झालं! तात्या उसळले. "काय बी बोलता? दाढी वाढत न्हाई, कातडं सुकून मागं सरकतं!" आणि ते दाखवायला त्यांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचाच गाल मागं ओढला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी घरी गेलं.

एके दिवशी मी पट्टीबद्दल विचारलं.

"आमच्या मंडळीचं लुगडं हाय," ते म्हणाले.

काकू गेल्या तेव्हा घरात एकट्याच होत्या आणि तात्या ड्यूटीवर. हे आले तोवर जबडा ताठला होता, तोंड उघडंच राहिलं होतं. लोक म्हणाले, जोर लावा. तात्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर सुटतो, हे त्यांना ठाऊक. भावकी चिडली, गाव खोळंबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंग सैल पडलं, तेव्हा त्यांनी दोन बोटांनी ते तोंड मिटलं.

"साऱ्या गावाची तोंडं मिटली, मास्तर. घरचीला मात्र टायमावर पोचलो न्हाई." मग खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली. "एकेक पट्टी फाडत लुगडं सरलं. ही शेवटची, माझी. मला मागं कुणी न्हाई. रोज सकाळी एक हाक मारत जा."

तेव्हापासून मी रोज कुंपणावरून हाक मारतो, "तात्या!" आतून उत्तर येतं, "नरम हाय अजून!" माझी बायको कपाळावर हात मारते.

परवा उत्तर आलं नाही. तीन हाका मारल्या. पट्टी घेऊन धावलो, दार ढकललं. तात्या बाजेवर आ वासून पडलेले.  त्यांच्याकडून ऐकल्याप्रमाणे हनुवटीखाली हात घातला.

तात्यांनी डोळे उघडले.

"का वो मास्तर, लई घाई झाली व्हय?"

 मला रडू फुटलं ते आवरेना. तात्यांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली, आणि मग तो हात धरून ठेवला, बराच वेळ.

"पर टायमावर आलात," ते म्हणाले.