एका पिळणीचे तीन जनक

भिंगराव स्वतःची ओळख करून देऊ लागले की ऐकणाऱ्याने आधी बसून घेतलेलं बरं. "गुन्हा करायचं कोणाच्या नुसतं मनात आलं, तरी माझं नाक खाजतं," असं ते सांगत. टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारल्यामुळे आता नुसत्या नजरेने माणसावर शिक्का मारता येतो, हा त्यांचा दावा. शिक्का बहुधा चुकीच्या माणसावर पडे. उमटे मात्र ठसठशीत. त्यांच्यामागून छत्री सांभाळत हिंडायचं काम बहिणीच्या, म्हणजे भिंगरावांच्या बायकोच्या, शब्दाखातर त्यांचा मेहुणा करी.

या खेपेचं प्रकरण खालच्या मजल्यावरच्या लाँड्रीतलं. तिथलं कपडे पिळायचं जुनं यंत्र पिळून झालं की आपोआप बंद व्हायचं. यंत्र बनवणाऱ्या कारखान्याच्या कानावर हे गेलं आणि निरोप आला की ही युक्ती ज्याची, त्याच्या नावाने नवं मॉडेल काढू. तिथे लाँड्रीवाल्यांचं घर फाटलं. आजोबा म्हणाले, आतली स्प्रिंग माझी. मुलगा म्हणाला, स्प्रिंग कधीच गंजली, सर्किट माझं. नात म्हणाली, सर्किट केव्हाच जळलं, मोबाइलवरचा टायमर माझा. आजोबा इस्त्रीच्या टेबलावर एकटे जेवू लागले, मुलाने बापाशी अबोला धरला, नातीने हॉस्टेलवर जायला बॅग भरली. तिघांचे निरोप पोचवून सून मेटाकुटीला आली आणि तिनेच भिंगरावांना बोलावलं. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, घरात बोलणं सुरू व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं.

भिंगरावांनी पिळणी सुरू करायला सांगितली आणि भिंग काढलं. आजोबांच्या बोटांना तेल होतं, म्हणजे जनक तेच. मेहुण्याने हळूच सांगितलं की आजोबा आत्ताच डोक्याला तेल चोपडून आलेत. मग मुलाचे डोळे यंत्राकडे पाहून पाणावलेले दिसले. ते बापाचं काळीज ठरलं. डोळ्यात साबण गेला होता. नात यंत्राकडे बघतसुद्धा नव्हती, तेव्हा तिच्या मनात चोर असणारच. ती मोबाइल बघत होती. शेवटी भिंगरावांनी जाहीर केलं की यंत्रालाच अक्कल आहे. मेहुण्याला वाटलं, या खोलीत तसं असणं अशक्य नाही.

तेवढ्यात यंत्र जोरात थरथरलं, वीतभर पुढे सरकलं आणि थांबलं. सून टोपली घेऊन आली. तिने पिळलेले कपडे टोपलीत काढले, कमरेने यंत्र मागे ढकललं, वाकून मागचा प्लग भिंतीत बसवला आणि निघाली.

"वहिनी, हे काय केलंत?" मेहुण्याने विचारलं.

"रोजचंच. ते पुढे सरकतं, वायर ताणते, प्लग निघतो." सगळे प्लगकडे वळलेले पाहून ती बावरली. "मला वाटलं, तुम्हा तिघांचा शोध असाच चालतो."

मग आजोबा खाकरले. वायर त्यांनी आणली होती, त्यांच्या हाताने. नात म्हणाली, पण सरकतं ते गुळगुळीत फरशीमुळे आणि फरशी निवडली होती तिने.

मुलगा पहिल्यांदाच बापाकडे वळून बोलला. "बाबा, वायर आखूड झाली ती माझ्यामुळे. तुमच्या मांडीवर बसलो होतो, पक्कड हातात आली आणि मी ती कापली. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, राहू दे, पुरेल."

"पुरली की," आजोबा म्हणाले, आणि उगाच यंत्रावरून हात फिरवू लागले.

भिंगरावांनी भिंग खिशात घातलं. आपण पहिल्या फेरीतच प्लग ओळखला होता, केवळ घरच्यांना संधी दिली, असं त्यांनी सांगितलं. "खरंय भावोजी," मेहुणा म्हणाला. जेवण बहिणीकडेच होतं.

कारखान्याला काय कळवायचं, हा प्रश्न उरलाच. तिघे पुन्हा एकदम बोलू लागले. या वेळी एकमेकांशीच. सुनेने तेवढ्यात फोन लावला.

"युक्ती वगैरे काही नाही हो," ती म्हणाली. "बिघाड आहे. वंशपरंपरेने आलेला."