बांगड्याला वार लावले, त्याची हकिकत

माणूस उपाशी राहिला तर त्याचं पोट खपाटीला जातं. कुत्रं उपाशी राहिलं तर गावाची अब्रू जाते. म्हणून दिवेआगरात आम्ही 'श्वान गृहवास टिकाव समिती' काढली. अडचणीतल्या मालकावर आपलं कुत्रं निवारा केंद्रात धाडायची वेळ येऊ नये, हा थोर हेतू. (माणसांसाठीची समिती आधीपासून आहे. तिची बैठक झाली की कळवू.)

पहिली केस येसूबाईची. मासळी विकणारी बाई, धक्क्यावर घसरली, उजवा हात मोडला. टोपली बंद, चूल शेजारणीच्या भरवशावर. आणि तिचा बांगडा (हा कुत्रा) दोन्ही वेळ मासे-भात खाणारा. तिच्या भाच्याने, निकेशने, परस्पर केंद्राला फोन लावला. शनिवारी गाडी येणार.

"नवरा गेला तवा पन येवढी रडली न्हाय मी," येसूबाई म्हणाली. (नवरा मासे खात नसे.)

समितीने पूर्वजांचा तोडगा काढला. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा, रोज एका घरी. तसंच बांगड्याचं करायचं. चहा गार व्हायच्या आत सहा वार भरले. गावाची ही उदारता बघून माझेसुद्धा डोळे पाणावले.

उदारतेमागचं शास्त्र मागाहून कळलं. समितीतल्या प्रत्येकाने आपापल्या उपासाचा वार दिला होता. सोमवारी तात्यांकडे शंकराची साबुदाणा खिचडी. मंगळवारी श्यामलाताईंकडे गणपतीची वरी. बुधवारी वरदने, केवळ या कार्यासाठी, एक नवा देव धरला. गुरुवारी दत्ताचं रताळं, शुक्रवारी गूळ-चणे, शनिवारी राजगिऱ्याचे लाडू. अहवालात नोंद झाली: लाभार्थी शंभर टक्के सात्त्विक.

येसूबाई तात्यांच्या दारात उभी राहिली. "ओ तात्या, मुका जीव हाय तो! त्याला कसला ओ सोमवार?"

"अगं, पुण्य लागतं. पुढच्या जन्मी माणूस होईल तो."

"कशाला? साबुदाना खायाला?"

शनिवारी गाडी आली. आम्ही सगळे आडवे उभे राहिलो, फोटोपुरते. तेवढ्यात ड्रायव्हरने सुकट-भाकरीचा डबा उघडला. बांगड्याने एकदा समितीकडे पाहिलं, आणि स्वतःहून उडी मारून गाडीत जाऊन बसला.

"उतर रं बांगड्या! सोन्या माजा, उतर!" येसूबाई चांगल्या हाताने त्याला ओढत होती. तो ढिम्म.

ड्रायव्हर म्हणाला, "आठवड्यात एक दिवस तरी याला मासे घालणारं घर दाखवा. मी उतरवतो."

रविवार तेवढा रिकामा होता. त्या दिवशी गावात घरोघरी मासे शिजतात, त्यामुळे तो कोणालाच सोयीचा नव्हता. तात्या नारळाकडे बघू लागले, श्यामलाताई तात्यांकडे. येसूबाईचा पदर डोळ्यांकडे गेला.

मला राहवलं नाही. मी तुमचं नाव सांगितलं.

बांगडा उतरला. उद्या बाराच्या सुमाराला तुमच्याकडे येईल. आणि तुम्ही आत्ता मनातल्या मनात रविवारचा उपास धरलात, तो देव कुठला तेवढं कळवा, अहवालात लिहायचंय.