नवीन अभिलेख-कक्षाची फरशी तिरकी असल्याबाबत

माणसाला जमीन सपाट दिसते ती डोळ्यांमुळे नव्हे, सवयीमुळे. ज्या जमिनीवर तो रोज दहा ते साडेपाच वावरतो ती त्याच्या लेखी आडवी. बाकीचे जग कमीअधिक प्रमाणात तिरके. हे तत्त्व आमच्या उतार-तपासणी कार्यालयाने कोणत्याही प्रयोगशाळेच्या मदतीशिवाय सिद्ध केले आहे, हे अभिमानपूर्वक नमूद करून मूळ विषयाकडे वळतो.

आमची इमारत खिडक्यांच्या बाजूने खचली आहे, अशी बाहेर कुजबुज आहे. एकेचाळीस वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलेले नाही, यावरून कुजबुजीत किती तथ्य असेल ते दिसतेच. किरकोळ बाबी आहेत, नाही असे नाही. टेबलावर ठेवलेले पेन खिडकीकडे चालू लागते. चाकांच्या खुर्च्या दुपारपर्यंत खिडकीपाशी गोळा होतात (त्यामुळे बैठका तिथेच होतात आणि कोणाला बोलवावे लागत नाही). कपातला चहा एका बाजूला काठोकाठ, तर दुसऱ्या बाजूला बोटभर कमी. फायलींची ढकलगाडी दारातून सोडली की थेट साहेबांच्या पायाशी थांबते. गतिमान कारभार म्हणतात तो आणखी कोणता? त्रेचाळीस कर्मचाऱ्यांपैकी चाळीस जणांच्या चपलेची एकच टाच झिजलेली आहे. उरलेले तिघे रजेवर आहेत.

गेल्या वर्षी शेजारी नवीन अभिलेख-कक्ष बांधला आणि फरशीचे काम एका मिस्त्रीला दिले. माणूस साठीला टेकलेला, कमी बोलणारा. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही, अशी त्याची ख्याती. अकरा दिवस तो गुडघ्यांवर होता. बाराव्या दिवशी पाहणी झाली. साहेबांनी आत पाऊल टाकले आणि चौकट घट्ट धरली. मागोमाग हेडक्लार्कबाईंना चक्कर आली. एकूण सत्तावीस जणांनी पाहणी केली. एकोणीस जणांना फरशी दाराकडे झुकलेली दिसली, सात जणांना मळमळले आणि एक जण पडला (नेमका कोणत्या बाजूला, यावर उपसमिती नेमली आहे).

मिस्त्रीने पिशवीतून पाणसळ काढली. ही म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा कोंडलेली एक पट्टी. ती त्याने फरशीवर ठेवली.

"बघा की साहेब. बुडबुडा मधोमध आहे. मी काय त्याला बांधून ठेवलाय?"

"बुडबुड्यावर विश्वास ठेवायचा की सत्तावीस माणसांवर?" हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. तरीही आमचे कार्यालय नि:पक्षपाती असल्याने उपकरणाची रीतसर चाचणी घेतली. पाणसळ साहेबांच्या टेबलावर ठेवली. सदर टेबल सपाट असल्याचा दाखला आमच्याच कार्यालयाचा आहे. बुडबुडा तत्काळ दाराकडच्या टोकाला पळाला. उपकरण सदोष आहे हे सर्वांच्या देखत सिद्ध झाले.

"मग तुमचं टेबलच तिरकं आहे," मिस्त्री म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडे!" बाई म्हणाल्या. हे वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे घेतले आहे.

आदेश निघाला: फरशी उखडून डोळ्यांना सपाट दिसेल अशी पुन्हा बसवावी, अन्यथा मिस्त्रीची नोंदणी रद्द. नोंदणी गेली की गावात त्याला कोणी उंबरठासुद्धा बसवायला देणार नाही. त्या दुपारी तो पायरीवर बसून सदऱ्याच्या टोकाने ती पट्टी पुन्हा पुन्हा पुसत होता. मला वाईट वाटले. स्पष्टच लिहितो, फार वाईट वाटले. पण आमच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

शेवटी त्यानेच तोड सुचवली. "बाहेरचा कोणीही माणूस आणा. नुसत्या डोळ्यांनी बघून सांगू दे. तो तिरकी म्हणाला तर मी स्वतःच्या हातांनी उखडतो."

नियम चौदाप्रमाणे त्रयस्थ नागरिकाची साक्ष चालते. रस्त्याने जाणाऱ्या एका शिंप्याला विनंती केली. तो आमच्या दारातच अडखळला आणि ओरडला, "अहो, केवढा हा उतार! इथे बसता कसे तुम्ही?" मिस्त्रीचा चेहरा उजळला. परंतु ही साक्ष नव्हती, नुसतेच बोलणे होते. साक्षीला अर्ज लागतो, ओळख लागते, साहेबांची वेळ लागते. तोवर शिंप्याला बाकावर बसवले.

पहिल्या दिवशी तो चार वेळा बाकावरून घसरला. तिसऱ्या दिवशी एक पाय लांब टेकून बसायची युक्ती त्याला सापडली. सातव्या दिवसापासून तो आम्हालाच "जरा सरळ बसा की" म्हणू लागला. एकोणिसाव्या दिवशी पुकारा झाला. नव्या खोलीत गेला, भिंत धरली आणि अवघडून म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका, पण ही फरशी चक्क तिरकी आहे हो."

त्याला एक शब्दही कोणी पढवला नव्हता, हे शपथेवर सांगतो.

मिस्त्रीने शब्द पाळायला छिन्नी उचलली. पहिल्या फरशीच्या सांध्यात ती टेकवली, बराच वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली. "हात होत नाही," एवढेच म्हणाला आणि त्याने अपील केले.

अपिलाला दुसरा त्रयस्थ नागरिक लागतो. त्याने साक्षीपूर्वी प्रकरणाचे हे टिपण आमच्या बाकावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचावे, असा नियम आहे. तो नागरिक म्हणजे आपण. वाचायला सुरुवात करताना आपण बाकाची कड दोन्ही हातांनी आवळून धरली होती, अशी शिपायाची नोंद आहे. तिसऱ्या परिच्छेदाच्या सुमारास हात सुटले. या, आत या. मिस्त्री उभा आहे. आपल्याला जे दिसेल तेच सांगा. आमचा काहीही आग्रह नाही.