मेव्हणीच्या स्थळाची स्वभावचाचणी

मेव्हणीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर घरातल्या पुरुषाने काय करावं? सतरंजी झटकावी, पाणी द्यावं आणि गप्प बसावं. मी मात्र मुलाचा स्वभाव शास्त्रीय पद्धतीने तपासायचं ठरवलं. (आमच्या सांगलीच्या ऑफिसात नुकतंच ट्रेनिंग झालं होतं. मोबाईलवर प्रश्नांची उत्तरं दिली की माणूस आतून कसा आहे ते कळतं, असं तिथल्या सरांनी टाय घालून सांगितलं होतं. टायवाल्या माणसावर माझा विश्वास चटकन बसतो.)

मेव्हणी पल्लवी आमच्याकडेच राहते, त्यामुळे कार्यक्रम आमच्याच घरी. मुलगा आर्जव, द्राक्षबागायतदार. सोबत त्याची आई, आक्काताई.

"आधी जेवणं होऊ द्या, दिवस बुडायला आलाय," माझी बायको रूपाली म्हणाली. आम्ही जैन. सूर्य मावळला की जेवण थेट दुसऱ्या दिवशी.

"दोन मिनिटांचं काम आहे गं," म्हणत मी आर्जवच्या हातात मोबाईल दिला.

प्रश्न काही संपेनात. 'लोकांत मिसळायला आवडतं का?' बिचाऱ्याने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या उतरत्या उन्हाकडे, आणि 'नाही' दाबलं. अखेर निकाल आला. मी खणखणीत आवाजात वाचला, "एकलकोंडा. चिडखोर. संसारात रमणे कठीण."

बैठक गार! पल्लवीचा चेहरा उतरला. (तिला मुलगा आवडलाय हे मी सोडून सगळ्यांना कळलं होतं.)

"आवं, पोरगं सकाळधरनं बागेत हाय, दुपारचं जेवलं बी न्हाई," आक्काताई पदर खोचत उठल्या. "चिडखोर न्हाई त्यो, भुकेला हाय! चल रं आर्जव."

दोघं दारापर्यंत गेली. रूपालीने माझ्याकडे असं पाहिलं की मला कपाटामागची जागा पुरेल का, याचा अंदाज घ्यावा लागला. तेवढ्यात पल्लवी वाढलेली ताटं घेऊनच बाहेर आली.

"आई, जेवल्याशिवाय जायचं नाही. मोबाईलला काय कळतंय?"

आक्काताई वळल्या. चपाती, दोडक्याची भाजी, खीर. शेवटचा घास आणि सूर्य एकदमच खाली गेले.

हात धुऊन आर्जव म्हणाला, "आणा तो फोन परत."

तेच प्रश्न. निकाल आला: 'मनमिळाऊ. विनोदी. घर हसतं ठेवणारा.'

"त्योच फोन, त्येच पोरगं!" आक्काताई खो खो हसल्या. "मधी निस्ती खीर गेली. पोरी, तुज्या खिरीचं शास्त्र लय पक्कं हाय!" पल्लवी लाजली, आर्जव तिच्याहून जास्त लाजला, आणि तिथल्या तिथे साखरपुडा ठरला.

"दाजी, आता तुमची पाळी," आर्जवने फोन माझ्यापुढे केला.

मी भरल्या पोटी, प्रामाणिकपणे उत्तरं दिली. आणि काय सांगू! 'जन्मजात नेता. यांच्या निर्णयावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.' मी छाती फुगवून फोन रूपालीपुढे धरला.

तिने दोनदा वाचलं.

"चला, म्हणजे चाचणी साफ खोटी आहे, आता पुरावाच मिळाला," ती म्हणाली आणि खरकटी ताटं माझ्या हातात दिली.