जातं गप्प झालं

गणपतराव कारकुनांना सुधारणेची भारी हौस होती आणि त्या हौसेची झळ आजवर घरच्यांनीच सोसली होती. कोल्हापुरात इंजनावर चालणारी पिठाची चक्की सुरू झाल्याचं कळलं, तसं त्यांनी कचेरीला दांडी मारून जोंधळ्याचं पोतं दळून आणलं आणि चिमणाबाईंपुढं ठेवलं.

"उद्यापासनं जात्याला हात लावायचा न्हाई. विलायतेत कुनी बाई दळत न्हाई."

"तुम्ही गेलता व्हय बघायला?" चिमणाबाई म्हणाल्या. पण लग्न झाल्यापासून कोंबड्याच्या आधी उठणाऱ्या बाईनं असली सुधारणा कशाला नाकारावी? त्या रात्री त्यांनी वाकळ डोक्यावरून ओढली आणि लेक अंबूलाही झोपू दिलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. चिमणाबाईंच्या जात्याच्या घरघरीवर सगळी गल्ली जागी व्हायची. गवळी म्हशीखाली बसायचा, शेजारचा शमशुद्दीन कल्हईवाला भाता बांधून बाजारच्या गाडीला पळायचा. त्या पहाटे जातं वाजलं नाही आणि गल्ली निवांत घोरत राहिली.

नेमके त्याच पहाटे गडहिंग्लजचे बाळासो येऊन ठेपले. अंबूला त्यांच्या मुलासाठी मागणी घालायचं जवळजवळ ठरलं होतं, फक्त बाळासोंचा होकार राहिला होता. मुलगी नटवून पुढं बसवली की सगळ्याच चांगल्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते न सांगता पहाटेच जायचे आणि बाहेरून जातं ऐकायचे. जात्यावरनं घर कळतं, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

ते कट्ट्याशी उभे राहिले. आत चिडीचूप. दिवस वर आला तरी जात्याचा आवाज नाही. बाळासोंकडं सुतक असल्याशिवाय जातं थांबत नसे. त्यांनी मुकाट्यानं पटका उतरवून हातात घेतला आणि मान खाली घालून कट्ट्यावर बसले.

तेवढ्यात उशिरा जाग आलेला शमशुद्दीन भाता सावरत धावत बाहेर आला.

"काय झालं, पावणं?"

"जातं बंद हाय. कोन गेलं म्हनायचं?"

शमशुद्दीनचे पाय जागीच थांबले. त्याच्या लेखी जातं म्हणजे चिमणाबाई. "या खुदा, चिमणाभाबी गेल्या की!"

मग काय विचारता. बायका धावल्या, गवळी दूध न काढताच आला. जन्मभर चिमणाबाईंशी भांडलेली तानाबाई तर त्यांचे गुण आठवून आठवून रडू लागली. या कालव्यानं दार उघडलं आणि डोळे चोळत चिमणाबाई उंबऱ्यात आल्या.

"कोन मेलं, गं?"

"तुम्ही," तानाबाई हुंदका देत म्हणाली आणि मग नीट बघून पदरानं नाक पुसायला लागली.

खुलासा होईपर्यंत शमशुद्दीनची कोडोलीच्या बाजाराची गाडी निघून गेली. बाळासोंनी पटका परत बांधला, पण चेहरा काही सैल केला नाही.

"सुतक न्हाई म्हंजे आळस हाय. आज बाहेर सोप्यात मुक्काम करतो. उद्या पहाटं पोरीचं दळण ऐकीन. न्हाईतर रामराम."

गणपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं. दुसऱ्या पहाटे त्यांनी माजघरात बायकोला हळूच हलवलं.

"अगं, आजच्या दिवस दळ की."

"काल मी मेलीया. मेलेलं मानूस दळत नसतंय."

"मग अंबूला उठवतो."

चिमणाबाईंनी शेजारी झोपलेल्या अंबूवर वाकळ ओढली. मग त्या म्हणाल्या, "झोपू दे तिला. ह्या पावण्याच्या घरात तिला जलमभर दळायचंच हाय."

पोरीचं त्यांनाही वाईट वाटलं. त्यांनी धोतर खोचलं आणि स्वतःच जात्याला बसले. चार फेऱ्यांत दम लागला, सहाव्या फेरीला हात भरून आला. सोप्यातून बाळासोंचा आवाज आला, "दळतीया, पन गात न्हाई. पोरगी घुमी हाय काय?"

"एक ओवी म्हन, तुझ्या पाया पडतो," गणपतराव कुजबुजले. चिमणाबाईंना दया आली. त्यांनी पडल्या पडल्याच सूर लावला:

"दळण दळताना कुनाच्या हाताला फोड,
वाकळंच्या आत, बाई, झोप लागती गोड."

सोप्यात खाकरल्याचा आवाज झाला आणि माजघराच्या दारात बाळासो उभे राहिले. गणपतरावांच्या मिशा पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. आता सोयरीक मोडली, हे त्यांना उघड दिसत होतं.

बाळासो जवळ आले आणि जात्याच्या पलीकडं मांडी घालून बसले. "खुंटा असा वर धरत नसत्यात. खाली धरा. आन् दान्यांची वैरण एकदम एवढी घालू नका." त्यांनी खुंटा हातात घेतला. जातं लोण्यासारखं फिरू लागलं.

गणपतराव बघतच राहिले. "पावणं, तुम्हांस्नी कसं काय?"

"घरातली पडली, तिचा हात अधू झाला. तवापासनं दार लावून मीच दळतोय. म्हनून तर दळनारी सून हुडकत हिंडतोय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "चक्कीचं पीठ पोटाला बाधत न्हाई न्हवं?"

"मुळीच न्हाई."

"मग पोरगी पसंत हाय. तिला न्हाई दळाय लावायचो. मला तेवढी चक्की दाखवा, जाताना दोन पोती दळून गाडीत टाकतो."

वाकळीखाली चिमणाबाईंनी अंबूला जवळ ओढून घेतलं. गणपतराव आनंदानं दार उघडून बाहेर आले. सुधारणेनं माणसाचं कसं भलं होतं, हे त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. पण शमशुद्दीन भाता पाठीवर टाकून समोरच उभा होता.

"लई झ्याक झालं, गणपतराव. आज वडगावचा बाजार गाठतोय बघा. उद्याबी ह्याच वक्ताला दळा."

"शमशूभाई, गजराचं घड्याळ घ्या की."

"तुमचं जातं असताना?" शमशुद्दीन म्हणाला आणि गाडीकडं पळाला.

गणपतरावांनी तळहातावरचे फोड बघितले. आतून चिमणाबाईंचा आवाज आला, "व्हय म्हना की, अवो. ओवी मी म्हनीन."